चेनप्रकरणी कैफियत

मनुष्याची प्रतिष्ठा त्याच्या विद्वत्तेत, वित्तात किंवा वंशावळीत वास करते असा जो सार्वत्रिक समज आहे तो भ्रामक असून, ती वस्तुतः त्याच्या ताठ उभे राहण्यात वास करते. आणि ह्याची प्रचीती ज्याला घ्यावयाची असेल त्याने भर रहदारीच्या रस्त्याच्या कडेला सायकल उलटी करून, पाटलोणीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडून, तिच्यापुढे उकिडवे बसावे आणि तिची पडलेली चेन बसविण्याचा उद्योग आरंभावा. पंक्चर झालेल्या गृहस्थाविषयी जगाला सहानुभूती वाटते, कारण खिळा त्याने स्वतः टाकलेला नसतो. ब्रेक निकामी झालेल्या गृहस्थाविषयी तर आदरयुक्त भीतीच वाटते आणि लोक त्याला वाट करून देतात. परंतु चेन पडलेल्या गृहस्थाविषयी जे वाटते त्यात कीव असते, कुतूहल असते आणि विशेषेकरून एक प्रकारचा आनंद असतो. आणि ज्याची चेन वारंवार पडते त्याच्याविषयी तर, ह्याने पूर्वायुष्यात काहीतरी केलेले असले पाहिजे, अशी लोकांची पक्की खात्री होते.

चेन पडण्यासही मुहूर्त लागतो. पहाटेच्या प्रहरी, जुहू विमानतळाच्या भिंतीलगतच्या निर्मनुष्य रस्त्यावर, जिथे माझी फजिती पाहण्यास एखादे निद्रिस्त कुत्रे तेवढे हजर असते, तिथे माझी चेन कधीही पडली नाही. ती पडते जुहू तारा रस्त्यावर, पुढे शहाळ्यांची हातगाडी आणि मागे बेस्टची बस अशा मोक्याच्या जागी. सिग्नल हिरवा झाल्याबरोबर, पहिल्याच पायडलाला. किंवा समोरून माझ्या पूर्वीच्या खात्यातील एखादे जुने साहेब येत असताना. एकदा तर रविवारी सायंकाळी ती अमिताभ बच्चन ह्यांच्या ‘जलसा’ बंगल्यासमोर पडली. रविवारी त्या फाटकाबाहेर दर्शनार्थींची केवढी दाटी होते हे मुंबईकरास सांगावयास नको. दैवत अद्याप बाहेर आलेले नव्हते, समुदायाच्या हाती वेळ होता, आणि सर्वांचे मोबाइल सज्ज होते. परप्रांतातून केवळ दर्शनासाठी आलेल्या कित्येक कुटुंबांच्या संग्रही आज माझी, काळ्या हातांनी कपाळावरचा घाम पुसणारी छबी सुरक्षित आहे. एका बालकाने आपल्या पित्यास विचारले, “पापा, ये कौन है?” पित्याने मला आपादमस्तक न्याहाळले व म्हटले, “कोई नहीं, बेटा.”

आता मी सायकलच्या वाटेस गेलो कसा, ही हकिकत. महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून उभे आयुष्य काढून निवृत्त झाल्यावर माझ्या रक्तात साखरेने अतिक्रमण केल्याचे निष्पन्न झाले, आणि डॉक्टरांनी व्यायामाचे फर्मान काढले. प्रथम मी चौपाटीवर पायी फिरावयास जाऊ लागलो. ह्या वाळूस पायी फिरण्याची परंपरा थोर आहे. १९२४ साली शस्त्रक्रियेनंतर गांधीजी विश्रांतीसाठी जुहूस येऊन राहिले होते, आणि त्यांचे येथील वाळूवरून चालणे ही पुढे इतिहासाचीच बाब झाली. सायकलऐवजी पायांवर भिस्त ठेवण्यात त्या महापुरुषाचा केवळ साधेपणा नसून दूरदृष्टीही असावी, असे आता माझे मत झाले आहे. परंतु माझ्या चालण्याचा परिणाम वजनावर विपरीत होऊ लागला, आणि त्याचे कारण आमच्या सौभाग्यवतींनी कोणत्याही तहकिकातीशिवाय, केवळ माझ्या सदऱ्यावरील चिंचेच्या चटणीचा डाग पाहून सांगितले.

“अहो, चालायला म्हणून जाता आणि भेळ खाऊन येता. सायकल घ्या. निदान दोन्ही हात हँडलवर अडकलेले राहतील.”

सायकल आमच्याच सोसायटीत उपलब्ध झाली. तिसऱ्या मजल्यावरील एका कुटुंबाचा मुलगा परदेशी गेला होता आणि त्याची काळी, धिप्पाड, एकाच गतीची सायकल जिन्याखाली धूळ खात उभी होती. “काका, हिला काही बघावंच लागत नाही,” असे मुलाच्या वडिलांनी पैसे मोजून घेताना सांगितले, आणि मी पाठ फिरवल्यावर त्यांनी मंद स्वरात पुरवणी जोडली, “चेन पडते कधीमधी. सगळ्यांचीच पडते.” शासकीय दस्तऐवजातील महत्त्वाचे कलम तळाशी बारीक टाइपात असते हे ज्याने हयातभर पाहिले, त्याला हा इशारा पुरे पडावयास हवा होता. परंतु सायकलची घंटा अत्यंत मंजुळ होती, आणि मी ती वाजवून पाहण्यात दंग होतो.

पडलेली चेन चढविण्याची क्रिया पुस्तकात वाचली तर अगदी सोपी वाटते. मागच्या फ्रीव्हीलवर चेन नीट बसवावी, पुढच्या मोठ्या चक्राच्या दोन-चार दात्यांत ती अडकवावी, आणि पायडल हाताने हलकेच उलटे फिरवावे, म्हणजे उरलेली चेन आपोआप चढते. ह्यातील ‘आपोआप’ हे क्रियाविशेषण ज्याने प्रथम घातले त्याचा व माझा परिचय नाही हे त्याचे भाग्य होय. माझ्या हातात आलेली चेन पुढे चढवावी तर मागून उतरते, मागे बसवावी तर पुढून सुटते, आणि दोन्हीकडे बसलीच तर मांडवातून रुसून निघालेल्या व्याह्याप्रमाणे, सर्वांनी मिळून मिनतवारी करून आत आणल्यावर, पुढच्याच वळणावर पुन्हा बाहेर पडते. मध्यंतरी चेनकव्हर बोट चिमटते. हात काळे होतात, हातांवरून नाक काळे होते, आणि घरी पोचेपर्यंत चेहऱ्यावर असे भाव येतात की लिफ्टमधील स्त्रिया पुढच्या खेपेची वाट पाहणे पसंत करतात.

परंतु खरा उपद्रव चेनचा नव्हे, तो तज्ज्ञांचा. ह्या नगरीत मनुष्य चक्कर येऊन पडला तर लोक घाईत असतात, पण चेन पडली की सर्वांना सवड होते. आणि जमलेल्यांपैकी प्रत्येकास चेनविषयी सिद्ध मत असते. एक मात्र विशेष: सल्ला देणाऱ्या हातांपैकी एकही हात चेनला लागत नाही. फार तर तो मागच्या चाकाच्या नटाला लागतो. कारण तो कोरडा असतो, हाताशी असतो, आणि ‘जरा बघू तर खरं’ असे म्हणून तो ढिला करण्यात कर्तबगारीचे समाधान लाभते. त्यातही डाव्या बाजूचा नट गंजून बसलेला असल्यामुळे सर्वांची जिज्ञासा उजव्या, म्हणजे चेनच्या बाजूच्या नटावर शमत असे. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा. आमच्यापैकी कोणीही ठेवला नाही.

पहिले मत तळमजल्यावरील निवृत्त अभियंत्यांचे. हे गृहस्थ कोणत्याही प्रश्नाकडे प्रथम गणिताच्या द्वारातून पाहतात.

“दाते मोजलेत का?” त्यांनी विचारले.

“कोणाचे?” मी दचकून विचारले.

त्यांनी स्वतः मोजले. पुढच्या चक्राचे ४४, मागच्या फ्रीव्हीलचे १८. त्यांनी खिशातून कागद काढला, भागाकार केला, आणि त्यांचा चेहरा उजळला. “दोन पूर्णांक चव्वेचाळीस शतांश! पाहा, चव्वेचाळीस भागिले अठरा, आणि अपूर्णांकातही पुन्हा चव्वेचाळीसच!” ह्या योगायोगाचा आम्ही दोघांनी काही काळ आस्वाद घेतला. मग त्यांनी उजवा नट सैल करून चाक फिरवून पाहिले, ‘यंत्र उत्तम आहे’ असा अभिप्राय दिला, आणि ते चहाला गेले. चेन खालीच होती.

दुसरे मत आमच्या मेहुण्यांचे. ते पुण्याचे, आणि पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून विख्यात असल्यामुळे, ह्या विषयात मुंबईकराने केवळ श्रोता असावे अशी त्यांची धारणा आहे. सायकलवर पालिकेचा कर भरल्याचा पितळी बिल्ला नसला, किंवा रात्री दिवा नसला, किंवा मागे कोणी डबलसीट बसलेले आढळले की पोलीस चाकांतली हवा सोडून देत असत, त्या रामराज्याचे वर्णन ऐकवून ते म्हणाले, “दाजी, चेन पडली म्हणून सायकलवरून उतरायचं? आम्ही चालत्या सायकलवर, नुसत्या बुटाच्या टोकानं, लकडी पुलावर चेन चढवायचो. तीही बोलता बोलता.”

“कोणाशी बोलता बोलता?” सौभाग्यवतींनी विचारले. मेहुण्यांनी विषय बदलला आणि सायकल मागितली. ते गुलमोहर रस्त्याच्या दिशेने दिमाखात गेले आणि बऱ्याच विलंबाने सायकल हाताने ढकलीत परत आले. बुटाचे टोक फाटले होते. “पुण्यात कोरडी हवा असते,” ते म्हणाले. “इथं चेनला शिस्तच नाही.”

हवेविषयीचे त्यांचे म्हणणे अगदीच निराधार होते असे मात्र नव्हे. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही. आमच्या खिडक्यांचे गज ह्याचे साक्षीदार आहेत. आणि त्यातूनच तिसऱ्या, सर्वांत लोकप्रिय पंथाचा उगम होतो: तेलपंथाचा. ‘तेल घाला’ हा सल्ला मला शहाळेवाल्याने दिला, वॉचमनने दिला, बसच्या खिडकीतून एका अनोळखी प्रवाशाने दिला, आणि जुहू कोळीवाड्यातून पाटी घेऊन येणाऱ्या मावशींनी तर, “दादा, माणसाचं असो की सायकलीचं, हाड वाजलं की तेल,” असा आरोग्यशास्त्राचा आधार देऊन दिला. तेव्हा मी तेल घातले. घरात खोबरेल होते. त्याची निळी बाटली घेऊन मी चेनचे अभ्यंग केले. खोबरेल हे चोवीस-पंचवीस अंश उष्णतेच्या खाली उतरले की थिजते, हे विज्ञान मला जानेवारीतील एका प्रातःकाळी समजले. सायकलच्या चेनवर पांढरी साय धरली होती, आणि जिन्याखालची सर्व मांजरे तिच्याभोवती गोल करून बसली होती.

पुढे मी रीतसर मशीनचे तेल आणले. त्याचा परिणाम अधिक गंभीर झाला. कारण जुहूच्या हवेत जेवढे मीठ आहे तेवढीच रस्त्याच्या कडेला वाळू आहे, आणि तेलकट चेन चौपाटीजवळून गेली की ती वाळू आपल्या अंगाला माखून घेते. तेल आणि वाळू ह्यांच्या संयोगाने जो लेप बनतो त्याचा उपयोग कारखान्यांत लोखंड घासून झिजविण्यासाठी करता येईल. माझी चेन तो अंगी लावून रोज तीन मैल फिरत होती. तेल चेनच्या पिनांच्या आत हवे, बाहेर नको, थेंबथेंब घालून फडक्याने कोरडे पुसून काढावे, हे मला कोणीही सांगितले नाही. कारण तेल ओतावयास सांगणे उदारपणाचे लक्षण आहे आणि पुसावयास सांगणे कद्रूपणाचे.

सोसायटीच्या सेक्रेटरींचे मत लेखी आले. ‘आवारात सायकली उलट्या करण्यात येत असल्याचे निदर्शनास आले असून, फरशीवर पडणाऱ्या तैलयुक्त डागांची जबाबदारी संबंधित सदस्यावर राहील’, असे त्या परिपत्रकात नमूद होते. मजकुराची भाषा निर्दोष होती. मी स्वतः नोकरीत अशी कितीतरी पत्रे सोडली असल्यामुळे मला त्यात घरगुती ऊब जाणवली. मी लेखी खुलासा सादर केला. तो घेण्यासाठी ते खाली आले, सायकलकडे पाहून म्हणाले, “इतकं काय आहे त्यात, बघू,” आणि त्यांनीही उजवा नट ढिला करून पाहिला.

असे दिवस जात असताना मी, अन्य काही करता येत नाही म्हणून, वाचनाकडे वळलो. आणि ही जी अर्धा-अर्धा इंच अंतरावर पिना ठोकलेली, शंभरावर कड्यांची लोखंडी माळ माझा उपमर्द करीत होती, तिचा इतिहास पाहून थक्क झालो. हिचे आजचे रूप हान्स रेनोल्ड नावाच्या स्विस गृहस्थाने १८८० साली मँचेस्टर येथे सिद्ध केले: पिनेवर नळी, नळीवर फिरता रूळ, म्हणजे दात्यावर घर्षण कमी. त्यानंतर पाच वर्षांनी कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली ह्याने मागच्या चाकाला चेनने गती देणारी ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली. तिच्याआधीच्या उंच सायकलीला पुढचे चाक पुरुषभर मोठे आणि पायडले थेट त्यालाच जडवलेली. चेन हा प्रकारच नव्हता. पूर्वी मनुष्य पडे, आता चेन पडते. यंत्रयुगातील प्रगती म्हणतात ती हीच असावी.

आणि हे जुहूच्या रहिवाशास विशेष लागू आहे, कारण जिच्यावरून आम्ही नाके मुरडतो तीच चेन आमच्या विमानतळाची आजी लागते. विमान उडविणारे राइट बंधू मूळचे डेटन गावचे सायकल-दुकानदार. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे यंत्र प्रथम उडाले तेव्हा इंजिनाची शक्ती दोन पंख्यांपर्यंत पोचविण्याचे काम चेनच करीत होती. आणि दोन्ही पंखे परस्परविरुद्ध दिशांनी फिरावेत म्हणून त्यांतली एक चेन इंग्रजी आठच्या आकड्यासारखी पिळून घातली होती. माझी सरळ घातलेली राहत नाही! ते पहिले उड्डाण बारा सेकंद टिकले. बारा सेकंद तर माझीही चेन टिकते. फरक इतकाच की माझ्या वेळी पुढे इतिहास घडत नाही. त्यांच्यावरही हा प्रसंग आलाच होता. उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांत दात्यांच्या चक्रांचे नट पुन्हा पुन्हा ढिले होऊ लागले, तेव्हा ह्या थोर बंधूंनी सायकलचा टायर चिकटविण्याचे सिमेंट आणून नट त्यात कायमचे चिकटवून टाकले. हे वाक्य मी वाचले, त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली, आणि पान उलटले.

आमचा जुहू विमानतळ १९२८चा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा ह्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन आपले चिमुकले ‘पस मॉथ’ विमान येथेच उतरविले. पावसाळ्यात ह्या मैदानाचा चिखल होई म्हणून ती विमानसेवा आपले बिऱ्हाड पुण्यास हलवीत असे, ही गोष्ट मी मेहुण्यांपासून कटाक्षाने लपवून ठेवली आहे. पण योगायोग पाहा: त्याच १५ ऑक्टोबरला, मात्र १९२३ साली, मुंबईच्या वेटलिफ्टिंग क्लबातले सहा पारशी तरुण सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले होते. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे ४४,००० मैलांचा पल्ला संपवून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईस परत आले. वाळवंटे, डोंगर आणि अरण्ये ओलांडून! त्यांच्या ग्रंथास पंडित नेहरूंनी प्रस्तावना लिहिली. ही हकिकत वाचून अन्य वाचकांचे ऊर अभिमानाने भरून येत असेल. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की वाळवंटात चेन पडली असता तिथे सल्ला द्यावयास कोणीही नव्हते, आणि म्हणूनच ते परत येऊ शकले.

अखेर मी जुहू गल्लीत झाडाखाली बसणाऱ्या उस्तादांकडे प्रकरण वर्ग केले. उस्तादांनी माझी जबानी घेतली नाही. त्यांनी एक फूट लांबीची पोलादी पट्टी चेनवर धरली. नव्या चेनमध्ये एका फुटात बरोबर २४ अंतरे बसतात. माझ्या चेनची चोविसाव्या अंतराअखेरची पिन पट्टीच्या बाहेर, एक अष्टमांश इंच पुढे डोकावत होती.

“लांब झाली?” मी विचारले.

“लोहा लंबा नहीं होता साब. पिन घिसता है. हर कड़ी में थोड़ा-थोड़ा.”

प्रत्येक कडीने तिळातिळाने केलेली ही कसूर एकत्र होऊन तिचा अष्टमांश इंच होतो, ह्या विचाराने मला माझे जुने खाते आठवले व क्षणभर गहिवरून आले. मी नवी चेन मुक्रर केली. परंतु नवी चेन जुन्या दात्यांवर बसत नाही. जुन्या चेनने खाऊन खाऊन त्यांचे टोकदार आकडे केलेले असतात, आणि नवी चेन त्यांच्यावरून उडी मारते. सबब नवे फ्रीव्हील. फ्रीव्हील नवे तर पुढचे चक्र का जुने? ते काढावयास गेल्यावर कॉटरपिन निघेना; ती हातोड्याने निघाली तेव्हा वाकली. मग आतले छर्रे. मग, आतापर्यंत आलोच आहोत म्हणून, चाकाचा आउट. बिल पाहता माझ्या लक्षात आले की मूळ सायकलीच्या किमतीत ही दुरुस्ती बसत नसून, दुरुस्तीच्या खर्चात मात्र तसल्या दोन सायकली सहज बसल्या असत्या. तथापि उस्तादांनी चाक मागे ओढून, सरळ धरून, दोन्ही नट आवळले, चेन मध्यभागी बोटाने दाबून जेमतेम अर्धा इंच लवते हे मला दाखविले, आणि मी घरापर्यंत असा गेलो की वाटेत घंटा वाजविण्याचेदेखील मला कारण पडले नाही.

घरी मात्र स्वागतमंडळ हजर होते. अभियंत्यांनी ‘कामाची फेरतपासणी केलेली बरी’ म्हणून उजवा नट किंचित सैल केला. सेक्रेटरींनी, अभियंत्यांनी तो बरोबर सैल केला आहे की नाही, हे पाहिले. मेहुणे सुदैवाने पुण्यास होते, परंतु त्यांनी दूरध्वनीवरून “मागचा नट बघून घ्या हं दाजी” असे बजावले, आणि वॉचमनने तो बघून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी, इमारतीच्या फाटकातच, सर्वस्वी नवी चेन सर्वस्वी नव्या दात्यांवरून अगदी जुन्याच आवाजात खाली पडली.

आता निदानाची परिषद भरली. एका पक्षाचे म्हणणे सायकल फसवी आहे. दुसऱ्याचे, चालविणाऱ्याचे वजन. तिसऱ्या मजल्यावरच्या मूळ मालकांनी “आमच्याकडे इतकी नव्हती पडत” असे म्हणून हात झटकले. आमचे गुजराती शेजारी “काका, बेचून टाका ना!” असे प्रेमाने म्हणाले, आणि कोण घेईल असे विचारता त्यांनी माझ्याकडेच बोट दाखविले: “तुम्ही घेतलीच ना?” ह्याच वेळी आमचा पाववाला आला. त्याच्या सायकलला पुढे पिशव्या, मागे पत्र्याचा भला मोठा डबा, मडगार्ड एकही नाही, आणि चेन अशी गंजलेली की तिचा मूळ रंग सांगता येऊ नये. ती कधी पडल्याचे कोणाच्या ऐकिवात नव्हते. तो पहाटे निघतो, इर्ल्यापासून गांधीग्रामपर्यंत बिल्डिंगा पालथ्या घालतो, आणि कोणालाही काही सांगत नाही.

तो खाली वाकला. सायकलच्या मागे उभा राहून त्याने चाकाकडे सरळ रेषेत पाहिले. चाकाचा पुढचा भाग डावीकडे, दांडीला जवळजवळ टेकला होता; पायडलावर जोर पडला की चेन आपल्या बाजूचा आस पुढे खेचते, चाक तिरके होते, चेन ढिली पडते, आणि पहिल्याच खड्ड्याला उतरते. हे सर्व मला नंतर समजले. तो इतके काही बोलला नाही. त्याने डब्याखालून पाना काढला, चाक गुडघ्याने मागे रेटले, उजवा नट आवळला, डाव्याला दोन हातोडे घालून तोही आवळला, हात आपल्याच चड्डीला पुसले, आणि वर पाहून एवढेच विचारले:

“ये नट ढीला कौन करता है?”

त्याच वेळी विमानतळावरून एक हेलिकॉप्टर डोक्यावरून गेले, आणि जमलेल्या सर्व सभासदांनी त्याच्याकडे अत्यंत आस्थेने पाहिले.

तेव्हापासून चेन पडलेली नाही. मी पाववाल्यास पैसे देऊ केले. त्याने घेतले नाहीत, पण त्या दिवसापासून तो एका लादीऐवजी दोन लाद्या ठेवून जातो व दोन्हींचे पैसे घेतो, असा सौदा आपसांत, न बोलता, ठरून गेला आहे. रक्तातील साखरेच्या दृष्टीने ह्याचा काय परिणाम होईल ते डॉक्टर पाहतील. मी स्वतः अंधेरीच्या बाजारातून एक उत्तम प्रतीचा पाना खरेदी केला आणि उभय नट आठवड्यातून एकदा आवळण्याचा शिरस्ता ठेवला.

परंतु पाना घरात आला ही वार्ता चारही मजल्यांवर पसरली, आणि तो कोणाच्या नळासाठी, कोणाच्या पंख्यासाठी, कोणाच्या पाळण्याच्या कडीसाठी जाऊ लागला. आणि गेल्या पंधरवड्यापासून तो परत आलेला नाही. तरी आमच्या इमारतीतील ज्या सदस्याकडे सदर पाना असेल त्याने तो कृपा करून फाटकावरील टेबलाच्या खणात आणून ठेवावा. नाव विचारले जाणार नाही, चौकशी होणार नाही. उजव्या बाजूचा नट पुन्हा वाजू लागला आहे, आणि अभियंते सकाळपासून खाली येरझाऱ्या घालीत आहेत.